नव्या पुतळ्याचा ठराव आणण्याआधी काळ्या चबुतऱ्याची हकिकत लिहा

छत्रपती संभाजीनगरचे लोकप्रतिनिधी, महापालिकेचे अधिकारी आणि शहरातल्या सर्व पुतळा व जयंती समित्यांचे पदाधिकारी यांस,

स.न.वि.वि.

क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्यापाशी १८५७ ची पूर्ण हकिकत सांगणारा, रस्त्यावरच्या माणसाला उभ्या उभ्या वाचता येईल असा मोठा फलक लावावा, आणि तो लागेपर्यंत शहरात नव्या पुतळ्याचा किंवा नव्या स्मारकाचा ठराव आणू नये, एवढी मागणी करायला हे पत्र लिहिते आहे. मागणी लहान आहे. तिच्यामागचं कारण मात्र दोनशे वर्षांचं आहे, म्हणून पत्र लांबेल. वेळ काढून वाचावं ही विनंती.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आठवीच्या वर्गात इंग्रजी सत्तेचा धडा निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पण इंग्रज आपल्याकडं कुठं होते? आपल्याकडं तर निजाम होता." मुलांचं काही चुकत नाही. घरात आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी रझाकारांच्या असतात. १७ सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावं घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण इंग्रज म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुणे येतं. मुंबईत चौकाचौकात राजाराणीचे पुतळे होते. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये काढून भायखळ्याला नेला, तरी त्या भागाचं काळा घोडा हे नाव काही सुटलं नाही. आपल्या शहरात असा गोरा राजा घोड्यावर बसवलेला कधी दिसला नाही. पाडायला पुतळा नाही, म्हणजे राज्यही नव्हतं, असा हिशेब आपण सगळ्यांनीच मनाशी बांधून टाकला आहे.

तो हिशेब खोटा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या सर्वांत गजबजलेल्या चौकात उभा आहे.

क्रांती चौक तुम्हाला मी काय सांगावा? कुठलंही आंदोलन तिथूनच सुरू होतं. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा क्रांती मोर्चाचा राज्यातला पहिला मूक मोर्चा याच चौकातून निघाला. आजही जाल तेव्हा कुणाचा तरी मंडप टाकलेला असतो. सतरंजी, पाण्याचे जार, पाठीमागे फ्लेक्स, वर उड्डाणपुलावरून जालना रोडची वाहनं. छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा २०२२ मध्ये तिथे नव्यानं उभा राहिला, आणि शिवजयंतीला सगळं शहर तिथे लोटतं. चौकालगतच्या उद्यानाला झाशीच्या राणीचं नाव आहे. या सगळ्याच्या मध्ये काळा चबुतरा आहे. चौकाला क्रांती हे नाव ज्यांच्यामुळे मिळालं, त्यांचा जीव तिथे घेतला गेला, ही या शहरानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण आहे. मी मुलांना तिथे घेऊन जाते तेव्हा मंडपात बसलेल्या माणसांना मुलं विचारतात, "काका, हा चबुतरा कशाचा?" उत्तर बहुतेक वेळा एका वाक्याचं असतं: "शहिदांचा." कुठले शहीद, कुणी मारले, कशासाठी, याच्या पुढे गाडी जात नाही.

तर ती हकिकत अशी.

१८५७ चा जून महिना. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पहिला रिसाला, म्हणजे घोडदळाची तुकडी, मोमिनाबादहून, म्हणजे आपल्या अंबाजोगाईहून, इथल्या छावणीत आणलेला होता. इथला तिसरा रिसाला मालेगावकडे गेला होता, त्याच्या जागी हे आले. मीरत पेटून महिना झाला होता. दिल्लीत बहादूरशहा जफरच्या नावानं द्वाही फिरली होती. रिसाल्यात बातमी पसरली की आता आपल्यालाही दिल्लीवर चालवत नेणार. स्वार बिथरले. आमची नोकरी दख्खनमधली, दिल्लीच्या बादशहावर आम्ही हत्यार उचलणार नाही, असं त्यांनी धरून ठेवलं. त्यांचा अधिकारी कॅप्टन ॲबट. दिल्लीला नेणार नाही, अशी समजूत घालून काही दिवस निभावले गेले. तेवढ्यात पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज तोफांसह येऊन पोचली.

रिसाल्याला परेडवर उभं केलं गेलं. समोर तोफा. बंडातल्या लोकांची नावं पुकारायला सुरुवात झाली. तेव्हा मीर फिदा अली नावाच्या दफेदारानं रांगेतून ॲबटवर पिस्तूल झाडलं. ॲबट वाचला. फिदा अलीला लगोलग लष्करी न्यायालयापुढे उभं करून फाशी दिली. गोंधळात काही स्वार घोड्यांना टाच मारून निसटले. हाती सापडलेल्यांवर पुढे खटले चालले. कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेच्या तोंडी बांधून उडवलं.

निसटलेल्यांमध्ये जमादार चिदा खान होता. आपल्या साथीदारांसह तो हैदराबादेत पोचला. तिथे आसरा मिळेल असं त्याला वाटलं असावं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्याला पकडून रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या हवाली केलं. त्याला सोडवा, या मागणीवरून लोक खवळले आणि १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्यामागे जमावानं रेसिडेन्सीवर हल्ला केला. म्हणजे हैदराबादच्या इतिहासातला तो मोठा दिवस आपल्या छावणीतल्या ठिणगीचा होता. हैदराबादेत तुर्रेबाज खानाचं नाव लोकांच्या तोंडी आहे. आपल्याकडे चिदा खान हे नाव शाळेतल्या मुलानं ऐकलेलं नसतं. मीर फिदा अली तर नाहीच.

हा कंटिंजंट काय होता, हे कळल्याशिवाय चबुतऱ्याचा अर्थ लागत नाही, आणि मराठवाड्यातल्या इंग्रजी सत्तेचं सगळं मर्म इथंच आहे. फौज नावाला निजामाची. तिचे अधिकारी इंग्रज. हुकूम रेसिडेंटचा. पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून, आणि खजिना भरायचा आपल्या बापजाद्यांच्या शेतसाऱ्यातून. जालना, हिंगोली, मोमिनाबाद, औरंगाबाद, असं छावण्यांचं जाळं मराठवाडाभर पसरलेलं होतं. कुणब्यानं बाजरी विकून भरलेल्या साऱ्यावर त्याच्याच मुलखात परकी हुकमाची फौज पोसली जात होती. पगार थकला की ते निजामाच्या डोक्यावर कर्ज म्हणून चढायचं. ते कर्ज वाढत वाढत गेलं आणि १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसांना कुणी विचारलं नाही. गहाण पडलेल्या शेतासारखा अख्खा मुलूख एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

नळदुर्गच्या किल्ल्यात राहून कर्नल मेडोज टेलर यानं तो जिल्हा चालवला. त्यानं रस्त्यांची आणि तळ्यांची कामं काढली, लोकांत त्याच्याविषयी आपुलकी होती. हेही खरं आहे आणि तेही लिहावं. पण १८५७ मध्ये निजाम इंग्रजांशी इमानानं राहिला, आणि त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. काळ्या चबुतऱ्यावर सांडलेल्या रक्ताचा आणि त्या माफ झालेल्या पन्नास लाखांचा थेट संबंध आहे. माझ्या मते आठवीच्या मुलाला एवढा संबंध कळला, तर पाठ्यपुस्तकातली तैनाती फौज त्याला आयुष्यभर विसरता येणार नाही.

निजामानं तेव्हा पारडं फिरवलं असतं तर काय झालं असतं, याची धास्ती इंग्रजांना किती होती, हे त्या काळच्या पत्रव्यवहारात जागोजाग दिसतं. दख्खन हातचा गेला तर दक्षिण जाते, हे मुंबईच्या गव्हर्नरापासून सगळे जाणून होते. म्हणूनच इथलं बंड इतक्या घाईनं आणि इतक्या निर्दयपणे मोडलं गेलं.

आता याच चौकातल्या उद्यानाच्या नावाकडे या. राणी लक्ष्मीबाईंवर १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज चालून गेली. त्या फौजेत हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी आणि रिसाले होते. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर, तिन्हीकडे ते लढले. म्हणजे आपल्या साऱ्यावर पोसलेल्या त्याच फौजेतल्या काहींनी दिल्लीवर जायला नकार दिला आणि जीव दिला, आणि काहींना राणीवर चालून जावं लागलं. दोन्ही आपलीच माणसं. पगारासाठी घरदार सोडून आलेली, कुणी दख्खनी मुसलमान, कुणी इतर. रिसाल्यात दख्खनी मुसलमान स्वारांचा भरणा मोठा होता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आज आपल्या शहरात जो-तो आपापल्या महापुरुषाचा चौक राखून बसला आहे. छत्रपतींच्या पुतळ्याच्या सावलीत मीर फिदा अलीचा चबुतरा आहे, आणि गेली इतकी वर्षं त्या दोघांचं भांडण झालेलं नाही. हे शहरानं मोठ्या अक्षरांत लिहावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच पहिल्या रिसाल्याचा वारसा पुढे डेक्कन हॉर्स म्हणून चालत आला. आज ती भारतीय लष्करातली रणगाड्यांची रेजिमेंट आहे. ज्या फौजेतून बंडाचे स्वार निघाले, तिचीच परंपरा आज तिरंग्याखाली उभी आहे. चबुतऱ्याच्या फलकावर हीही एक ओळ असावी.

निजाम आणि इंग्रज ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हा समज किती वरवरचा आहे, ते मला माझ्या माहेरच्या मातीनं शिकवलं. माझं माहेर जाफराबाद तालुक्यातलं. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं, जवळपास नदीला उतार नाही. त्यानं पाहिलं की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर त्यांच्यामध्ये जा-ये असणारच, म्हणजे उतार असणारच, असं ताडून त्यानं फौज तिथून पाण्यात घातली. बायका ज्या उतारानं पलीकडच्या गावी बाजाराला जात असतील, त्याच उतारानं कंपनीचं राज्य मराठवाड्यात शिरलं. शिंद्यांचे गोलंदाज तोफांशेजारी उभे राहून कापले गेले. वेलस्लीचीही दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्या लढाईचा हत्ती आजही मद्रास रेजिमेंटच्या मानचिन्हावर आहे.

आणि त्या लढाईनंतर काय झालं? डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. तहात जालना आणि गंगापूर यांची नावं स्पष्ट आहेत. तो मुलूख पुढे निजामाकडे आला. म्हणजे जालन्यावर आणि गंगापूरवर निजामाचा अंमल बसला तो कंपनीच्या तोफांच्या जोरावर. १९४८ मध्ये ज्या राजवटीतून आपण सुटलो, तिच्या पायाचा एक दगड असईला १८०३ मध्ये बसवला गेला होता. हैदराबादचा शेवटचा निजाम इंग्रज सरकारचा 'विश्वासू मित्र' ही पदवी मिरवत होता. या साखळीची एक कडी सोडून दुसरी समजत नाही, आणि आपण मुलांना नेमकी एकच कडी दाखवतो.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, परकी सत्तेच्या खुणा कशाला जपायच्या, पुसून टाकाव्यात. रागाचं कारण मला कळतं. पण अजिंठ्याला जा. दहाव्या लेण्यात एका खांबावर चित्राच्या अंगावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव कोरून ठेवलं आहे, तारीख २८ एप्रिल १८१९. तेव्हा लेण्यात इतका राडारोडा भरला होता की तो त्या ढिगावर उभा राहून लिहीत होता. म्हणून ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतं. मान वर करून पाहावं लागतं. इतक्या जुन्या चित्रावर ओरखडा काढावा असं त्याला सहज वाटलं, आणि कुणाची परवानगी घ्यावी असं वाटलं नाही, यात त्या काळची सगळी सत्ता दिसते. असई होऊन तेव्हा सोळाच वर्षं झाली होती. तो ओरखडा पुरातत्त्व खात्यानं पुसून टाकला असता, तर चित्र काही परत आलं नसतं आणि पुरावा मात्र गेला असता. माझी एवढीच इच्छा आहे की तिथे 'जॉन स्मिथनं अजिंठा शोधला' असं सांगून थांबू नये. खालच्या गावातली माणसं, गुराखी, डोंगरातले लोक त्या लेण्या ओळखून होते.

पुसणं सोपं असतं आणि नवीन उभारणंही सोपं असतं. आहे त्याची नीट हकिकत लिहिणं अवघड, कारण त्यासाठी वाचावं लागतं, जाणकारांना बोलवावं लागतं आणि गैरसोयीच्या ओळीही ठेवाव्या लागतात. सिडकोतलं कॅनॉट प्लेस घ्या. ते नाव दिल्लीच्या बाजारावरून आलं, आणि दिल्लीच्या बाजाराला ते व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यावरून मिळालं. इंग्रज जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर, स्वतंत्र भारतात आखलेल्या वसाहतीत ते नाव आपणच आणलं. आता तिथे महाराणा प्रतापांचा पुतळा आहे, तरुण मुलंमुली संध्याकाळी तिथे चहा पितात. नाव बदला असं मी म्हणत नाही. या शहरानं नावांपायी पुष्कळ ताकद खर्च केली आहे. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, त्यावर ज्यानं त्यानं आपलं मत मांडलं, मी इथे त्यात शिरत नाही. कॅनॉटमध्ये एक छोटी पाटी लागली की हे नाव कुणाचं, तरी पुरे. परकी सत्ता निघून गेल्यावरही आपल्या जिभेवर कशी राहते, हे त्या पाटीवरून मुलांना कळेल.

कामं होत नाहीत असं मी म्हणत नाही. जुन्या दरवाज्यांची डागडुजी झाली, शहागंजचा घड्याळ मनोरा दुरुस्त झाला, त्याचा मला आनंद आहे. भडकल दरवाज्यापाशी १४ एप्रिलला जाऊन पाहा. १६१२ मध्ये मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला तो दरवाजा, लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसानं बांधलेला, आणि त्याच्यासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी निळ्या झेंड्यांची गर्दी. तिथे वास्तू जिवंत आहे, कारण लोक तिच्याशी रोज बोलतात. काळ्या चबुतऱ्याला तेवढंच हवं आहे.

आता फलकाविषयी. तो कार्यालयीन मराठीत नसावा. 'सदर ठिकाणी हुतात्म्यांनी बलिदान दिले' असं वाक्य लिहून काम संपवलं तर न लिहिलेलं बरं. मी एक मसुदा देते, त्यावर जाणकारांनी हात फिरवावा:

"जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी इंग्रजांसाठी दिल्लीवर चालून जाण्यास नकार दिला. ही फौज निजामाच्या मुलखातील शेतकऱ्यांच्या साऱ्यातून पोसली जात होती आणि तिच्यावर हुकूम इंग्रजांचा चालत होता. दफेदार मीर फिदा अली यांनी इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली, त्यांना फाशी झाली. त्यांच्या साथीदारांना गोळ्या घालून आणि तोफेच्या तोंडी देऊन मारले. निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूने राहिले. या जागेची आठवण शहराच्या लोकांनी जपली, म्हणून या चौकाचे नाव क्रांती चौक."

हा मजकूर मराठीत आणि उर्दूत, दोन्ही अक्षरं सारख्याच आकाराची. त्याखाली हिंदी आणि इंग्रजी, कारण वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे याच रस्त्यानं जातात. अक्षर असं असावं की ज्येष्ठ माणसाला चष्मा न लावता वाचता यावं. फलक दगडात कोरावा, फ्लेक्सवर नको. फ्लेक्सवर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो येतो. चबुतऱ्याच्या चारी बाजूंनी जाहिराती आणि बॅनर लावायला मनाई करावी. मजकूर नक्की करण्याआधी विद्यापीठाच्या इतिहास विभागातले अभ्यासक, उर्दू आणि फार्सी कागद वाचू शकणारी माणसं आणि शाळेचे दोन-तीन शिक्षक यांची बैठक घ्यावी, आणि मसुदा महिनाभर लोकांसमोर ठेवून हरकती मागवाव्यात. चुकीचं नाव दगडात गेलं तर ते पुन्हा शंभर वर्षं हलत नाही.

जाणारे-येणारे वाचतील का, असा प्रश्न मला एका नगरसेविकाबाईंनी विचारला होता. वाचतील. चौकात सिग्नलला माणूस थांबतो, मंडपात दिवस दिवस बसतो, बसची वाट पाहतो. आंदोलनाला आलेल्या माणसाला तर ती हकिकत सगळ्यात आधी कळायला हवी, कारण नाही म्हणायची किंमत काय असते, हे त्या जागेइतकं या शहरात कुठंच लिहिलेलं नाही.

आणि पाण्याचा प्रश्न. मला ठाऊक आहे की या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा प्रत्येक घराचा पहिला प्रश्न आहे, माझ्याही घराचा. जायकवाडी इतक्या जवळ असून आम्ही ड्रम भरून ठेवतो. फलकासाठी पाण्याचा पैसा वळवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण पुतळ्यांसाठी, सुशोभीकरणासाठी, रोषणाईसाठी तरतूद होतेच. त्यातलाच एक छोटा तुकडा या दगडाला द्या. एका जयंतीच्या रोषणाईपेक्षा त्याचा खर्च कमी येईल.

समित्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्ही वर्गणी जमवता, मिरवणूक काढता, तुमच्या एका शब्दावर शेकडो तरुण येतात. यंदा तुमच्या महापुरुषाच्या जयंतीला मिरवणूक क्रांती चौकात पोचली की दहा मिनिटं डीजे थांबवा आणि एका शाळकरी मुलीला ही हकिकत माइकवरून वाचू द्या. आमच्या शाळेतल्या मुली तयार आहेत, मराठीतून आणि उर्दूतून दोन्हीकडून.

पुढच्या जून महिन्याच्या आत हा फलक लागावा अशी माझी अपेक्षा आहे. बैठकीची तारीख ठरली की शाळेच्या पत्त्यावर कळवावं. १८५७ च्या हकिकतीची टिपणं आणि मुलांनी तयार केलेला चौकाचा नकाशा घेऊन मी येईन. चबुतऱ्याची कुठली बाजू रस्त्यावरून दिसते आणि फलक कुठे बसेल, ते मुलांनी त्यात खुणा करून दाखवलं आहे.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका,
छत्रपती संभाजीनगर